खाली घ्या, असं कुणी म्हणायचं?

आत्या, तुम्ही गेलात त्याला अजून पंधरवडाही झाला नाही आणि गल्लीत दोन तट पडलेत. एक म्हणतो, मास्तरणीनं, म्हणजे मी, सासूसाठी जिवाचं रान केलं. दुसरा म्हणतो, म्हातारी पुण्यवान, आपल्या पायानं खाली येऊन निजली होती, सुखानं गेली असती; सुनेनं छाती दाबून बरगड्या मोडल्या आणि शेवटचा घोटसुद्धा तोंडात पडू दिला नाही. पहिला तट माझ्या तोंडावर बोलतो, दुसरा पाठीमागं. एरवी त्या दुसऱ्या तटाच्या पुढारी तुम्हीच झाला असता, हे मला चांगलं ठाऊक आहे. म्हणून हे तुम्हालाच सांगायला बसले. बाकी कुणाशी भांडण्यात मला गोडी नाही.

गल्लीत कुणाचं शेवटचं आलं की तुम्हाला बोलावणं यायचं. तुम्ही पदर खोचून जायचात, माणसाचे तळपाय चाचपायचात, नाकाचा शेंडा बघायचात, कानाच्या पाळ्या बघायचात आणि मग निकाल द्यायचात. एक तर ‘अजून येळ हाय, च्या ठेवा,’ नाही तर ‘घ्या खाली.’ तुम्ही ‘घ्या खाली’ म्हटलं की माणसाला बाजेवरून उतरवायचं, भुईवर घोंगडी टाकून निजवायचं, तुळशीचं पान आणि पाणी तोंडात घालायचं, आणि घरातल्या बायकांनी रडायला मोकळं व्हायचं. तुमच्या आधी तो शब्द उच्चारायची कुणाची छाती नव्हती. लग्न होऊन आले तेव्हा मला या सगळ्याची भीती वाटायची, पुढं पुढं हसू यायला लागलं. एकदा थंडीत मी म्हणालेसुद्धा, “आत्या, माझे पाय रात्रीचे गारच असतात, तेवढे चाचपू नका.” तुम्ही उलथनं उगारलंत, पण हसत होता.

मग एका वर्षी दिवाळीची सुट्टी संपल्यावर आम्हा शिक्षकांना धाराशिवला प्रशिक्षणाला बोलावलं होतं. माणूस अचानक कोसळला, हाक मारली तर ओ देत नाही, श्वास धड चालत नाही, तर काय करायचं याचं प्रशिक्षण. रबराचं एक धड टेबलावर ठेवलं होतं. डॉक्टरीणबाईंनी ते उचलून खाली फरशीवर ठेवलं आणि म्हणाल्या, गादीवर, बाजेवर दाबून उपयोग नाही, सगळा जोर गादीच खाते. पाठीखाली टणक पाहिजे. आम्ही एकमेकींना कोपरानं ढोसत हसत होतो. साडी सावरत गुडघ्यावर बसायचं, हात सरळ ठेवायचे, छातीच्या मधोमध दाबायचं, दाबलं की परत वर येऊ द्यायचं आणि थांबायचं नाही. मी घरी येऊन तुम्हाला सगळं करून दाखवलं. तुम्ही म्हणालात, “बाहुल्या दाबायला बी पगार देत्यात व्हय सरकार?”

आणि मग ती दुपार आली. गळिताचा हंगाम होता, हे ढोकीला कारखान्यावर होते. मामा रानातून आले, छातीत जळजळतंय म्हणाले, सोडा घातलेलं पाणी प्यायले आणि सपरातल्या बाजेवर कलंडले. माझे सासरे तसे कधी दुपारचे पडायचे नाहीत. शनिवारची सकाळची शाळा करून मी नुकतीच आले होते. तुम्ही त्यांना हाक मारलीत, दुसऱ्यांदा मारलीत. शेजारच्या इंदूकाकू भिंतीवरून डोकावल्या आणि त्यांनी पळत येऊन कांदा फोडला, नाकाला लावला. मी मामांचे खांदे धरून हलवले. डोळे अर्धे उघडे होते आणि त्यात कुणी नव्हतं.

“घोरत्यात की!” तुम्ही म्हणालात. “झोप लागलीय गाढ. हलवू नगंस.”

ते घोरणं नव्हतं, आत्या. मधेच एकदा जबडा उघडायचा, घशातून खर्र असा आवाज यायचा आणि मग कितीतरी वेळ काहीच नाही. डॉक्टरीणबाईंनी तोच आवाज स्वतःच्या तोंडानं काढून दाखवला होता आणि सांगितलं होतं, लोक याला श्वास समजतात आणि इथंच माणूस हातचा जातो. तेव्हा आम्ही त्या आवाजालाही हसलो होतो. आता तो मामांच्या तोंडून ऐकला. इंदूकाकूंना म्हणाले, दवाखान्यात फोन करा, गाडी मागवा. आणि तुमच्याकडं वळून जोरात म्हणाले, “आत्या, धरा. मामांना खाली घ्या.”

माझ्या तोंडून काय गेलं ते मला तुमचा चेहरा बघून कळलं.

तुम्ही बाजेवर आडव्या पडलात, मामांच्या अंगावरच. “कोण म्हणतंय खाली घ्या? म्या सांगितलं का? ह्या घरात कुणाला कवा खाली घ्यायचं त्ये म्या सांगते. जिता माणूस हाय माझा! भाईर हो!” मी समजावून सांगत होते, मरायला नाही, दाबायला खाली घ्यायचंय, बाजेवर जोर लागत नाही. तुम्हाला ऐकूच येत नव्हतं. इंदूकाकू फोन कानाला लावून रडायला लागल्या, कारण त्यांच्याही कानावर ‘खाली घ्या’ एवढंच पडलं होतं. मामांचा तो खर्र आवाज पुन्हा झाला, आधीपेक्षा उशिरा. मी तुमचा दंड ओढला, तुम्ही हलला नाहीत. तुमच्या अंगात एवढं बळ असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

मग मी बाजेची एक कड धरली आणि बाज सगळीच कलती केली. तुम्ही दोघंही गोधडीसकट माझ्या पायाशी आलात. सासू-सासऱ्यांना बाजेवरून ओतणारी सून या पंचक्रोशीत मी एकटीच असेन.

मी गुडघे टेकून दाबायला लागले. तिसरी-चौथीला पाढे म्हणवून घेते तशी मोठ्यानं मोजत होते. छातीत काहीतरी कट् करून मोडलं. रबराच्या धडात असं काही नव्हतं. तुम्ही उठलात, माझ्या पाठीत बुक्क्या घातल्यात, केस ओढलेत, “मारलंस गं, मारलंस त्यांला!” असं ओरडत राहिलात, आणि मी खाली मान घालून मोजत राहिले. इंदूकाकूंनी तुम्हाला मागं ओढलं. आरोग्य केंद्राची गाडी त्या दिवशी केंद्राच्याच दारात उभी होती म्हणून लगेच आली. डॉक्टरांनी मामांच्या छातीला झटका द्यायच्या यंत्राच्या दोन पट्ट्या चिकटवल्या, सगळ्यांना लांब व्हायला लावलं, आणि मामांचं अंग एकदम उडालं. पुन्हा दाबलं, पुन्हा झटका दिला. गाडीत घालून नेताना डॉक्टर म्हणाले, नाडी लागतेय.

मामा परत आले. खाली घेतलेला माणूस आपल्या पायानं उंबरा ओलांडून आत आला हे गल्लीनं पहिल्यांदा बघितलं, आणि सगळ्यात मोठी पंचाईत तुमची झाली. भुईवर घेतलेला माणूस परत बाजेवर चढत नसतो, हा तुमचाच कायदा. कायदा मोडायचा नाही म्हणून तुम्ही मामांचं अंथरूण खाली टाकलंत आणि आपलंही त्यांच्या शेजारी. मामा कुरकुरायचे, “अगं, गुडघं धरत्यात, उठवंना. जिता हाय म्या, काय गुन्हा केला?” तुम्ही म्हणायचात, “गुन्हा सूनबाईनं केला, शिक्षा तुमाला.” शेवटी यांनी धाराशिवहून लाकडी दिवाण आणला आणि तो बाज नव्हे असा निकाल तुमच्याकडून मिळवला.

माझ्याशी मात्र तुम्ही बरेच दिवस बोलला नाहीत. जेवायला वाढायचात, ताट पुढं सरकवायचात आणि तोंड फिरवायचात. मला राग यायचा, आत्या, खोटं कशाला सांगू. नवरा वाचवला आणि वर माझ्याशीच अबोला! मग एका सकाळी मी नहायला बसले असताना तुम्ही न विचारता आत आलात आणि माझ्या पाठीवर गरम पाणी घालायला लागलात. “लई लागलं का गं तवा?” एवढंच म्हणालात. पाठीवरचे काळेनिळे डाग तुम्हाला दिसले असणार. मी नाही म्हणाले. त्या दिवसानंतर मला शाळेला निघताना डब्यात दोन भाकरी जास्त मिळायला लागल्या, ज्या मला कधी संपायच्या नाहीत.

पण वाद काही मिटला नाही. तो आपण दोघींनी चांगला पोसला. ज्वारी निवडताना, शेंगा फोडताना, टीव्ही चालू असताना. तुम्ही म्हणायचात, “भुई माणसाला घ्यायला बसलीय, द्यायला न्हाय. तुझा मामा वाचला त्यो नशिबानं.” मी म्हणायचे, “मग नशीब बाजेवर का नाही आलं?” तुम्ही म्हणायचात, “मास्तरीण हायस, बोलण्यात कोण जिंकंल.” मी म्हणायचे, “तुम्ही.” आणि ते खरं होतं.

एकदा मात्र तुम्हीच दार लावून घेतलंत आणि म्हणालात, “दाव बरं कसं दाबत्यात.” सोयाबीनचं अर्धं भरलेलं पोतं आपण आडवं केलं. तुम्ही गुडघ्यावर बसलात, तुमच्या बांगड्या मागं सारल्यात, तळहातावर तळहात ठेवलात. मी म्हणाले, कोपर वाकवू नका, सगळं अंग वापरा. तुम्ही दाबायला लागलात आणि पाचपंचवीसदा दाबून दमलात. “एवढं कवर करायचं?” गाडी येईपर्यंत, मी म्हणाले, दुसऱ्यानं हात लावला तर आळीपाळीनं. तुम्ही पोत्याकडं बघत बसलात. मग म्हणालात, “आमी सगळ्यांला खाली घेतलं अन् बसून राह्यलो की गं.” तुम्ही नावं घ्यायला लागलात, तुमची सासू, तुमचा धाकटा दीर, समोरच्या घरातली बाळंतीण. मी म्हणाले, सगळ्यांचं असं नसतं आत्या, सगळेच काही परत येत नाहीत. हे तुम्हाला धीर द्यायला म्हणाले होते, आणि ते खरंही होतं.

तुमच्या स्वतःच्या छातीचं मात्र तुम्ही कधी नाव काढलं नाही. साखर होती, रक्तदाब होता, गोळ्या डब्यात होत्या आणि डबा फडताळात. धाराशिवला तपासायला चला म्हटलं की तुमचं एकच, “हरभरा निघू दे.” हरभरा निघाला की ज्वारी.

त्या मंगळवारी पहिला तास चालू होता. इंदूकाकूंचा फोन आला. त्यांचा आवाज कधी नव्हे तो हळू होता. “तुज्या सासूनं बोलावलंय. छातीत कळ आलीय म्हणती. आपलं आपण खाली निजलीय बग. लवकर ये.” मी वर्ग तसाच सोडून पळाले. शाळा ते घर, मधे फक्त मारुतीचं देऊळ आणि पिठाची गिरणी, पण तो रस्ता संपेना. पळता पळता आरोग्य केंद्रात फोन केला. गाडी दुसऱ्या पेशंटला घेऊन धाराशिवला गेली होती, फिरून येते म्हणाले.

तुम्ही मधल्या खोलीत शहाबादी फरशीवर उताण्या निजला होता. मामा भिंतीला धरून उभे होते. इंदूकाकूंच्या हातात तांब्या होता आणि तांब्यात तुळस. त्यांची चूक नाही. तुम्हीच त्यांना आयुष्यभर शिकवलं होतं की खाली घेतलेल्या माणसाला पाणी पाजायचं. पण एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नाही आणि माझ्या आली. त्यांनी तुमच्या अंगाखाली घोंगडी सारली होती आणि तुम्ही ती काढून टाकली होती. भिंतीशी तिचा बोळा पडला होता. तुमची पाठ उघड्या, टणक फरशीला होती. तुमच्या बांगड्या कोपरापर्यंत मागं सारलेल्या होत्या, पदर बाजूला होता. मरायला निजलेली बाई असं करत नाही. गल्लीतल्या दुसऱ्या तटाला मी हे सांगून बघितलं, पण सुनेची साक्ष कोण धरतं.

तुम्ही मला बघितलंत. “आलीस व्हय,” म्हणालात. मी तुमच्या शेजारी बसते न बसते तोच तुमचे डोळे वर गेले, आणि मग तो आवाज आला. खर्र. मग काही नाही.

इंदूकाकू तांब्या घेऊन पुढं वाकल्या. मी त्यांचा हात हाणून बाजूला केला. पाणी सगळं फरशीवर सांडलं. मी ओरडले, “त्यांच्या तोंडात एक थेंब घालायचा नाही!” आणि दाबायला लागले. याच माणसाच्या हातच्या भाकरी मी इतकी वर्षं खाल्ल्या आणि आता याच्याच छातीवर सगळा भार टाकत होते. तुम्ही केवढ्याशा होता, आत्या. बरगडी मोडली ती मला हातातून खांद्यापर्यंत कळली. मामा म्हणाले, “हळू गं, लेकरा, हळू.” हळू दाबून भागत नाही, मामा. ते पुढं आले आणि म्हणाले, “सर बाजूला, म्या दाबतो.” मी त्यांना तिथंच बसा म्हणून दरडावलं, त्यांचं हृदय मला परत पणाला लावायचं नव्हतं.

माझे हात भरून आले. जोर कमी पडतोय हे मला कळत होतं आणि दुसरं कुणी नव्हतं. “इंदूकाकू, या इकडं.” त्या जागच्या हलेनात. “मला न्हाय येत गं. पाप लागंल.” मी म्हणाले, “पाप माझं. तुम्ही दाबा.” त्या रडत गुडघ्यावर आल्या. मी त्यांचे तळहात जागेवर ठेवले, वरून माझे ठेवले, दोनचारदा बरोबर दाबलं आणि हात काढून घेतले. मी मोजत होते आणि त्या दाबत होत्या, नाकडोळे पुसायलासुद्धा न थांबता. पुन्हा मी, पुन्हा त्या. दारात माणसं जमली. कुणीतरी म्हणालं, उचला, पिकपमधी टाका. उचललं की दाबणं थांबणार, आणि पिकअपमध्ये यंत्र कुठलं असणार! मी कुणाला हात लावू दिला नाही. गाडी आली तेव्हा मी दाबत होते. डॉक्टरांनी यंत्र लावलं. या वेळी यंत्र म्हणालं, झटका देऊ नका. त्यांनी इंजेक्शनं दिली, त्यांच्या माणसानं दाबलं, बराच वेळ दाबलं. शेवटी डॉक्टरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, बाई, तुम्ही सगळं बरोबर केलंत.

बरोबर केलं म्हणजे काय केलं, ते मला अजून नीट कळलेलं नाही. मामा आले, तुम्ही आला नाहीत, आणि हात तेच होते. मामा परवा म्हणाले, “तिला लई दुखलं असंल का गं?” मी म्हणाले, नाही मामा, अशा वेळी माणसाला काही कळत नसतं. इंदूकाकू रोज दुपारी येतात. तुमच्याविषयी काही बोलत नाहीत, माझ्याबरोबर शेंगा फोडत बसतात. काल म्हणाल्या, गल्लीतल्या बायकांना एकदा दाव ना ते. मी दाखवणार आहे. तुमच्या ओट्यावरच दाखवणार आहे, दुसऱ्या तटाच्या डोळ्यांदेखत.

आत्या, मी मामांना खोटं सांगितलं. कुणालाच सांगितलं नाही ते आता तुम्हाला सांगते. मी दुसऱ्यांदा दाबायला घेतलं, जोर चांगला लागत होता, तेव्हा तुमचा उजवा हात उचलला गेला. हळूहळू वर आला आणि माझ्या मनगटावर बसला. इंदूकाकू दाराकडं बघत होत्या, मामांनी डोळे मिटून घेतले होते. बोटं वळली, नखं रुतली. मला वाटलं, आल्या! मी थांबले, मानेवर बोटं लावली. नाडी लागली नाही, आणि मी थांबल्याबरोबर तुमचा हात गळून पडला. पुन्हा दाबायला लागले तर तो पुन्हा आला. नंतर मी आमच्या डॉक्टरीणबाईंना फोन करून दुसऱ्याच कुणाचं म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या, दाबण्यानं डोक्याकडं रक्त पोचतं, एखाद्याला तेवढ्यापुरती थोडी शुद्ध येते, दाबणं थांबलं की जाते. म्हणजे जोवर मी दाबत होते तोवर तुम्ही होता, आणि तुम्हाला दुखत होतं.

नखांची ती खूण आता गेली. तुम्ही माझा हात बाजूला सारत होता, की धरून ठेवत होता, हे मी सारखं आठवून बघते आणि कधी हे वाटतं, कधी ते. तेव्हा विचार करायला वेळ नव्हता. तुमची बोटं माझ्या मनगटावर होती, मी त्यांच्याकडं बघितलं आणि दाबत राहिले.